नाव, गाव, फळ, दुपार

वेळापत्रकात सकाळ भरगच्च:
गणित, इंग्रजी, सुंदर हस्ताक्षर.
एक ते चारच्या चौकटीत
हेडसरांनी लिहिलं होतं: मनोरंजन,
आणि समोर माझं नाव,
कारण किनगावच्या उन्हाळी वर्गाला
मी सगळ्यांत नवी.

मैदान होतं, पण त्यावर ऊन एकटंच खेळत होतं.
सेहेचाळीस.
पलीकडच्या बागेत केळीची पानं चिंध्या होऊन लोंबत,
खिडकीला ओलं पोतं, कोपऱ्यात माठ,
आणि एक कुलर, जो वीज आली की
आधी खोकायचा, मग धूळ फेकायचा,
तेवढ्यात वीज जायची.

कॅरमला स्ट्रायकर नव्हता.
अरमान तडवीने बाटलीच्या झाकणात मेण ओतलं.
तो स्ट्रायकर राणीला मान द्यायचा नाही,
धडकून तिच्या अंगावरच बसायचा.
पावडर म्हणून खडूचा भुगा.
चिंचोके फोडून कोणी कवड्या केल्या,
फरशीवर पट आखला,
तो पुसू नका म्हणून दगडूभाऊ शिपायांना
रोज निरोप.

वर्गात एक झोपे होता. हितेंद्र झोपे.
सगळे आडवे झाले की हाच उठून बसे:
"मॅडम, आता काय करू रायलो आपण?"
आडनावावर असा सूड उगवणारा
मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यानेच काढलं नाव-गाव-फळ-फूल.
सारखं आलं की पाच,
दुसऱ्या कोणाकडे नसलं की दहा.

क आला.
फळाच्या रकान्यात सत्तावीस जणांचं केळं.
पाच, पाच, पाच, पाच,
घडासारखे गुण, सगळे एका मापाचे.
भ आला. वस्तू: भरीत.
भरीत ही वस्तू आहे का
यावर अर्धा तास गेला, आवाज चढले,
शेवटी ठरलं, ताटात आहे तोवर वस्तू.

मग ट.
टरबूज, टरबूज, टोपली, टोपी, टमरेल.
नावाला सगळे अडले.
दाराशी रायली पावरा बसायची,
सावलीच्या रेघेला अंगठे लावून.
रेघ सरकली की तीही सरकायची.
तिने वाचलं:
नाव टेमल्या. गाव टिटवापाणी.
फळ टेंभरं. प्राणी टिटवी.
दहा, दहा, दहा, दहा.
फूल? तिथे तिचीही रेघ होती.

"असं गावच नाही,"
हेमांगी नेहेते नकाशाकडे धावली.
खाली तापी निळी, वर सातपुडा तपकिरी,
मध्ये आमचं किनगाव, बारीक अक्षरात का होईना.
टिटवापाणी नव्हतं.

"हाय," रायली म्हणाली. "सात घरं.
टेमल्या माझा भाऊ.
रातची टिटवी वरडते, म्हणून नाव."
"आणि पाणी?"
"ते होळीपर्यंत."

वर्ग जरा वेळ माठाकडे पाहत राहिला.
मग झोपे म्हणाला, "कुठी आहे, दाखव."
ती उठली. तपकिरीवर बोट ठेवलं,
थोडं हलवलं, पुन्हा ठेवलं,
घरात हंडा नेमका जागेवर ठेवतात तसं.
बोट उचललं, तिथे त्याने
पेनाने ठिपका दिला, शेजारी ट.
मी पाहत होते. मी पाहिलं नाही.

चारला भिंतीची सावली मैदानात उतरली.
रॅकेटी तीन, बॅडमिंटनचं फूल एकच,
तेही तिसऱ्या फटक्याला पत्र्यावर.
रायलीचा दगड त्याला पहिल्याच झटक्यात लागला.
"फूल! दहा!" अरमान ओरडला,
आणि हेमांगीने पाटीवर खरंच लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी हेडसर नकाशापुढे थांबले.
"हे काय? नकाशा सरकारी आहे."
माशी बसली असेल सर, मी म्हणाले.
त्यांनी रुमालाने झटकून पाहिलं.
माशी उडाली नाही.